पोतं कुणाचं?

हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी गेले. त्यानंतर संपादकांनी त्यांच्यावर लेख मागितला, तेव्हा 'एक गाव एक पाणवठा' चळवळीपासून सत्याग्रहांपर्यंत सगळं लिहून झालं होतं. मी पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात जाऊन बसलो.

साखरेचा ट्रक रिकामा होत होता. पन्नाशी ओलांडलेला एक हमाल फाळक्याकडे पाठ करून उभा राहिला. वरच्या दोघांनी पोतं कडेला सरकवलं. त्याने हात मागे नेऊन लोखंडी आकडा पोत्याच्या कोपऱ्यात अडकवला, मान खाली घातली आणि वजन मानेवर येऊ न देता पाठीच्या वरच्या रुंद भागावर घेतलं. चालताना त्याचे पाय जेमतेम उचलले जात होते. थप्पीपाशी तो नुसता खांदा कलता करायचा आणि पोतं नेमकं जागेवर बसायचं. इतकं नेटकं काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

"आता पन्नास किलोचं असतं," तो म्हणाला. "आधी शंभरचं होतं."

हे पन्नास आपोआप झालेले नाहीत. एका माणसाने हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये ५५ किलो सुचवली होती. आपल्याकडे मात्र पोत्याचं वजन उतरावं म्हणून हमालांच्या संघटनेला, हमाल पंचायतीला, वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

बाबा मूळचे डॉक्टर. नाना पेठेतल्या दवाखान्यात त्यांच्याकडे पाठ धरलेले, छाती भरलेले हमाल यायचे. गोळ्या देऊन त्याच ओझ्याखाली परत पाठवायचं, हे त्यांना पटेना. १९५५च्या सुमारास हमाल पंचायत उभी राहिली. १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' ही खानावळ सुरू झाली, ना नफा तत्त्वावर, कारण ओझं वाहणाऱ्याला आधी पोटभर आणि परवडणारं जेवण हवं. १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली.

पण मला खिळवून ठेवलं ते १९६९च्या माथाडी, म्हणजे ओझं वाहणाऱ्या कामगारांसाठीच्या, कायद्याने. त्याचं श्रेय एकट्या बाबांचं नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या माथाडींनी मोठा लढा दिला. पुण्यात तो कायदा रोजच्या व्यवहारात उतरवण्यासाठी बाबा झटले. हमाल सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्यावर. "हा माझा नोकर नाही," असं प्रत्येक व्यापारी म्हणू शकत होता आणि तसं पाहिलं तर ते खरंही होतं. कायद्याने त्यावर साधी वाट काढली. ज्याचं पोतं, त्याने मजुरी माथाडी मंडळात भरायची आणि वर ठराविक टक्के लेव्ही द्यायची. मंडळ टोळीच्या हिशेबाने मजुरी वाटतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी होतं. दहा मालकांत विखुरलेल्या माणसाचं म्हातारपण दहा जणांच्या पावत्यांतून गोळा होतं. बाबांची भाषणं मी ऐकली आहेत, ती पेटवणारी असायची. तरी मला वाटतं, त्यांच्या कामाचा कणा ही चोख हिशेबाची वहीच होती. ती रोज भरली जावी म्हणून माणूस पन्नासहून जास्त वर्षं मागे लागतो, याचं मला भाषणांपेक्षा जास्त अप्रूप आहे.

आता त्या वहीचीच काळजी वाटते. माल यार्डाला वळसा घालून थेट कंपन्यांच्या गोदामांत उतरतो. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी होतात. त्यातल्या काही खऱ्या असतात आणि त्यांचा बट्टा खऱ्या हमालाला लागतो. २०२३ मध्ये कायद्यात बदल करणारं विधेयक आलं. त्याने मंडळांचं संरक्षण पातळ होईल म्हणून हमाल पंचायतीसह माथाडी संघटना रस्त्यावर आल्या आणि नव्वदी पार केलेले बाबा त्यांच्यासोबत होते. यार्डात मला तरुण हमाल मोजकेच दिसले. त्याचं वाईट वाटायला नको. बापाची पाठ पाहिलेला मुलगा पोतं उचलायला कशाला येईल?

त्या हमालाचा मुलगा मोटारसायकलवर जेवणाची पार्सलं पोचवतो. त्यालाही दहा हॉटेलं, शंभर गिऱ्हाइकं आणि नोकर म्हणायला कुणीच तयार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला, त्यात प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क आहे. लेव्हीचीच ती पुढची पिढी. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के भरण्याची तरतूद आहे. हे मी त्या हमालाला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि आकडा कमरेला खोचता खोचता विचारलं, "म्हणजे दर खेपेला पोराच्या नावावर जमा होतात का?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मग रात्री गाडीवरनं पडला तर आम्ही कुणाचं पोतं धरायचं?"