‘भारी आहे’ म्हणजे नेमके काय?

पुण्यात नवे नाटक लागले की दुसऱ्या दिवशी त्यावर दहा मते तयार असतात. पहिला अंक रेंगाळला, नेपथ्य उगाच भव्य केले, शेवट घाईत गुंडाळला. गाण्याच्या बैठकीनंतर विलंबित किती चढला आणि द्रुत कुठे घसरली यावर मांडवाबाहेर रात्री उशिरापर्यंत बोलणे चालते. मिसळीच्या रश्श्यावरही या शहरात बारकाईने वाद होतो. पण गेल्या आठवड्यात पंधरा-वीस तास खर्च करून खेळलेल्या व्हिडिओ गेमबद्दल कुणी विचारले, तर उत्तर बहुतेक एका शब्दात येते. ‘भारी आहे’, ‘कडक’, किंवा ‘बोअर झाला’. फार तर ग्राफिक्स चांगले आहेत आणि फोन तापतो, एवढी भर पडते. खेळणाऱ्याला काही जाणवलेले नसते असे नाही. जाणवलेले असते, पण ते मराठीत सांगायची सवय आपण लावून घेतलेली नाही. ही सवय लागली पाहिजे असे मला ठामपणे वाटते, आणि तिची सुरुवात पुण्यात होणे स्वाभाविक आहे, कारण गेम इथे फक्त खेळले जात नाहीत, ते इथे बनतातही.

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. बातमी म्हणून एवढे आपल्याकडे छापून आले. पण गेम कसा आहे? राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. राजस्थानी किल्ल्यांची आठवण देणारे वाडे आणि झरोके, पहाडी लघुचित्रांचा प्रभाव असलेली रंगसंगती, आणि कथेचे दुवे सांगायला छायाबाहुल्या. कुडाळजवळच्या पिंगुळीतला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्याने पाहिला आहे त्याला पडद्यावरच्या त्या सावल्या परक्या वाटणार नाहीत. लढताना राजी खांबावर चढते, त्याच्याभोवती गिरकी घेते आणि त्या वेगाने त्रिशूळ फिरवते. मल्लखांब पाहिलेला मराठी माणूस या हालचालीशी लगेच नाते जोडेल, आणि हे नाते दाखवणारे परीक्षण मराठीतच लिहिले जाऊ शकते. दुसरीकडे दोषही स्पष्ट आहेत. दुर्गा आणि विष्णू वरून राजीकडे पाहत सतत बोलत राहतात. खेळणारा एखाद्या भित्तिचित्रासमोर थांबून स्वतः काही समजून घेऊ पाहतो, तोच निवेदन सगळा अर्थ सांगून टाकते. सूत्रधाराने रंगमंच सोडायचाच नाही असे ठरवले तर पात्रांचे काय होईल, तसे इथे होते. लढाया पुढे सारख्याच वाटू लागतात. कॅमेरा उंचावर आणि दूर असल्याने उडीचा अंदाज चुकतो. शेवट तर एवढा अचानक येतो की कथा अर्ध्यावर तोडल्यासारखी वाटते. ही नावे ठेवणे नव्हे. आपल्या शहरातल्या कलाकृतीकडे एवढ्या बारकाईने पाहणे हा तिचा सन्मान आहे, आणि तो तिला मराठीत फार थोडा मिळाला.

गेमबद्दल बोलताना सर्वांत मोठी अडचण अशी की कथा आणि चित्रे यांच्यापलीकडे जाऊन ‘मी काय केले आणि ते करताना मला काय झाले’ हे सांगावे लागते. दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत कवितेचे रसग्रहण लिहिताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन अंगांनी लिहायला शिकवतात. गेमच्या रसग्रहणात चौथे अंग लागते, कृतीचे. ‘वेन्बा’ नावाचा एक गेम आहे. टोरोंटोतल्या एका छोट्या स्टुडिओने तो २०२३ मध्ये आणला आणि पुढच्या वर्षी त्याला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबातली आई आपल्या आईची पाककृतींची वही उघडते, पण पाने फाटलेली, अक्षरे पुसलेली. पहिलाच पदार्थ इडली. इडलीपात्रातल्या थाळ्या एकीवर एक चुकीच्या रचल्या तर वरची भोके खालच्या इडल्यांनी झाकली जातात, वाफ वर पोचत नाही आणि इडल्या कच्च्या राहतात. थाळी थोडी फिरवून बसवायची. आपल्या घराघरांतल्या कुकरशेजारी ही गोष्ट कुणी तोंडाने शिकवत नाही, पाहून पाहून हाताला कळते. गेम खेळणाऱ्याकडून ती थाळी फिरवून घेतो, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलाच्या हातून नेमके काय निसटते आहे हे एका क्षणात कळते. चित्रपटात हे दृश्य आपण पाहिले असते. इथे चूक आपल्या हातून होते, म्हणून ते ज्ञान आपल्याला वेगळ्या रीतीने लागते. कथा चांगली आहे, भावनिक आहे, असे म्हटल्याने यातले काहीच सांगून होत नाही. थाळीबद्दल बोलावे लागते.

आणि यासाठी महागडे, पुरस्कारप्राप्त गेमच हवेत असेही नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर आणि गल्लीतल्या पार्लरमध्ये ‘कॉन्ट्रा’ मराठी मुलांच्या एका अख्ख्या पिढीने खेळला. त्यात धबधब्याचा एक टप्पा येतो. दोघे मिळून खेळत असताना एकाने घाईने वर उड्या मारल्या, की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला भिडू मरतो. शत्रूने मारलेले नसते, जोडीदाराच्या उतावळेपणाने मारलेले असते. त्या टप्प्यावर किती घरांत भांडणे झाली असतील! गेमच्या रचनेने दोन मुलांना एकमेकांसाठी थांबायला लावले, आणि जे थांबले नाहीत त्यांना त्याचा परिणाम लगेच दाखवला. हा गुण कुठल्याही परीक्षणात पहिल्या ओळीत यायला हवा. मराठीत तो कुणी टिपून ठेवला असल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्या भाषेत याला शब्दच नाहीत ही तक्रार मला मान्य नाही. खेळाच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. खो-खोचे नियम लिहून काढण्याचे काम १९१४ मध्ये पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर झाले. अंगणातल्या खेळाला शिस्तीच्या क्रीडेचे रूप देणे हे भाषेचेही काम होते, कारण कोण केव्हा बाद हे शब्दांत नेमके पकडल्याशिवाय नियम होत नाही. डाव, चाल, खेळी, दान, भिडू, गडी, राज्य, दम, लोण, खो हे शब्द आजही जिवंत आहेत. माझा सर्वांत आवडता शब्द ‘कच्चा लिंबू’. लहान भावंडाला खेळात घ्यायचे, त्याला पळू द्यायचे, ओरडू द्यायचे, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. गेममध्ये सोपी पातळी ठेवावी का, त्याने खेळाचा कस कमी होतो का, यावर जगभर कडाक्याचे वाद होतात. मराठी अंगणाने हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. कच्च्या लिंबूमुळे बाकीच्यांचा डाव बिघडत नाही आणि लहानग्याला खेळाची गोडी लागते. तसाच ‘रडीचा डाव’. पैसे भरणाऱ्याला जास्त ताकदीचे शस्त्र देणारा गेम म्हणजे रडीचा डाव, आणि हे दोन शब्द कानावर पडले की आजीलाही कळते की त्यात काय खोट आहे. इंग्रजीतले लॅग, स्किन, लूट, स्क्वाड हे शब्द खुशाल वापरावेत, ते आता आपलेच झाले आहेत. पण निवाडा करणारे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, आणि त्यांच्यात पिढ्यांचा अनुभव आहे.

यावर पालकांचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मुले तासन्‌तास फोनला चिकटलेली असताना गेमची रसिकता शिकवायची, म्हणजे आगीत तेल ओतायचे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, गेमिंगविषयक विकाराचा समावेश आहे. पण त्याची लक्षणे वाचण्यासारखी आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे. म्हणजे तिथेही नुसते तास मोजलेले नाहीत, माणसाचे खेळाशी नाते कसे आहे ते पाहिले आहे. त्या नात्याबद्दल घरात बोलायचे तर बोलण्यासाठी भाषा हवी. ‘किती वेळ झाला, ठेव तो फोन’ एवढ्यावर संवाद संपतो. ‘आज रोज हजर राहायचे बक्षीस मिळणार म्हणून उघडलास, की खेळावासा वाटला म्हणून?’ हा प्रश्न मुलाला विचार करायला लावतो. स्वतःच्या खेळण्याचे वर्णन करता येणारा मुलगा गळाला लावलेले आमिष लवकर ओळखतो.

शब्द नीट न वापरल्याने होणाऱ्या गोंधळाचे मोठे रूप आपण कायद्याच्या निमित्ताने पाहिले. रमीच्या जाहिराती आणि ‘राजी’सारखी कलाकृती वर्षानुवर्षे ‘गेमिंग’ या एकाच शब्दाखाली वावरत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ वेगळे काढले. मराठीत खेळ आणि जुगार हे दोन शब्द कायमच वेगळे होते. ते नीट वापरले असते तर अनेक घरांत हा फरक समजायला कायद्याची वाट पाहावी लागली नसती.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो. यूट्यूबवर गेमविषयी एवढे बोलले जाते, मराठीतही थेट खेळून दाखवणारे आहेत, मग वेगळ्या परीक्षणाची गरज काय? ते बोलणे उत्साही असते आणि त्यात कौशल्यही असते. पण सामना चालू असताना केलेले समालोचन आणि सामना संपल्यावर केलेला विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यातल्याच ‘सुपरगेमिंग’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेला ‘इंडस’ हा बॅटल रॉयल गेम घ्या. ‘विरलोक’ नावाच्या बेटावर सगळे उतरतात आणि शेवटचा उरेल तो जिंकतो, ही रीत पब्जीमुळे सर्वांना पाठ आहे. ‘इंडस’ने तिच्यात एक वेगळी वाट ठेवली. शेवटच्या टप्प्यात ‘कॉस्मियम’ नावाचे मौल्यवान द्रव्य प्रकट होते, आणि ते ताब्यात घेणाऱ्याला सगळ्यांना न मारताही जिंकता येते. या एका नियमाने कोपऱ्यात लपून राहणाऱ्याला बाहेर यावे लागते. खो मिळाल्यावर उठणे भाग पडते, तसे. तो नियम खरोखर खेळ बदलतो का, की बहुतेक वेळा गोळीबारच निकाल लावतो? भारतीय भविष्याची कल्पना नुसती वेशभूषेत आहे की खेळण्याच्या पद्धतीतही उतरली आहे? माझे मत असे की ती वेशभूषेत जास्त आहे आणि हा नियम तेवढा अस्सल नव्या विचाराचा आहे. कुणाला उलटे वाटेल. पण या प्रश्नांवर वाद घालायला निवांतपणा लागतो, आणि तो थेट प्रक्षेपणात मिळत नाही.

प्रत्येकाचा अनुभव निराळा, मग परीक्षणाला आधार कसला, असेही विचारले जाते. हाच प्रश्न सिनेमालाही विचारला गेला होता. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा सिनेमा पाहणे हा अनेक घरांत चोरून करायचा उद्योग होता. त्याच प्रभातच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले, पी. के. नायर यांनी रिळे जपली आणि सतीश बहादूर यांनी सिनेमा कसा पाहावा हे शिकवले. पुढे चित्रपट रसास्वादाच्या शिबिरांतून कारकून, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी एकत्र बसून एकेका दृश्याची चर्चा करू लागले. प्रत्येकाला सिनेमा वेगळा दिसला म्हणून चर्चा थांबली नाही, त्यामुळेच ती रंगली. कॅमेरा इथे का थांबला, हा प्रश्न सर्वांसमोर एकच होता. गेममध्येही तसेच आहे. उडी कुणाची चुकते, कुणाची बरोबर पडते, पण कडा किती रुंद ठेवला आणि कॅमेरा कुठे ठेवला हे बनवणाऱ्याने ठरवलेले असते. त्यावर पुराव्याने बोलता येते.

एक अडचण मात्र खरी आहे. चित्रपट दोन-तीन तासांत सगळ्यांनी एकत्र पाहून होतो, गेम तसा होत नाही. यंत्रे महाग आहेत, आणि बहुतेकांच्या हातात फक्त फोन आहे. पण ‘राजी’ चार-पाच तासांत संपणारा आहे आणि ‘वेन्बा’ त्याहूनही लहान. एखाद्या वाचनालयाच्या खोलीत एक यंत्र, एक पडदा, एकाने खेळायचे आणि दहा जणांनी पाहायचे, मग कंट्रोलर दुसऱ्याच्या हाती द्यायचा, एवढ्यावर एक संध्याकाळ निभावते. २०२२ साली ‘राजी’ची सुधारित आवृत्ती हिंदी आवाजांसह आली, त्यामुळे इंग्रजीचा अडसरही उरला नाही. आता याच स्टुडिओने ‘राजी: कलियुग’ हा पुढचा भाग जाहीर केला आहे. तो हाती येईल तेव्हा विचारायचे प्रश्न आजच तयार आहेत: देव या वेळी गप्प बसतात का, राजी खांबाभोवती गिरकी घेते तेव्हा आपल्या बोटांना तो वेग जाणवतो का, आणि उडी चुकली तर चूक आपली असते की कॅमेऱ्याची.