इथेनॉलचा दर आणि कार्बनचा हिशेब

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी सुरू झाला. त्यातली दोन, मिरज आणि मनमाड, महाराष्ट्रातली होती. पुढची बारा-तेरा वर्षं योजना रडतखडत चालली. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचं प्रमाण जेमतेम दीड टक्का होतं. मग मात्र तिनं असा वेग घेतला की दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये, मुदतीच्या पाच महिने आधी गाठला गेला आणि मुळात २०३० साठी ठेवलेलं वीस टक्क्यांचं लक्ष्य २०२५ मध्येच हाती आलं. सरकारी काम मुदतीआधी संपणं आपल्याकडे दुर्मीळ, तेव्हा त्याचं श्रेय द्यायलाच हवं. माझा आक्षेप या यशाच्या मापावर आहे. वाहनांमुळे होणारं कार्बन उत्सर्जन घटवणं हा धोरणाचा एक जाहीर हेतू. पण तेल कंपन्या मोजतात ते इथेनॉलचे लिटर. कुठल्या लिटरनं किती कार्बन वाचवला, याचा पैशाशी काही संबंध नाही.

पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेले आकडे पाहा. २०१४-१५ पासून सुमारे २४५ लाख टन कच्च्या तेलाची जागा इथेनॉलनं घेतली आणि सुमारे ७३६ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून वाचला, असं मंत्रालय सांगतं. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की तीन येतात. एक टन पेट्रोल जळल्यावर साधारण तेवढेच, म्हणजे तीन टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. याचा अर्थ, जेवढं खनिज तेल कमी जळलं तेवढा सगळा धूर वाचला, असं धरलेलं दिसतं. पिकानं वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच इथेनॉल जळल्यावर हवेत परत जातो, हा त्यामागचा तर्क. तो खोटा नाही, अर्धा आहे. उसाला आणि मक्याला युरिया लागतो. तो कारखान्यात नैसर्गिक वायूपासून बनतो आणि शेतात टाकल्यावर त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त घातक आहे. पाणी उपसायला वीज लागते, वाहतुकीला डिझेल लागतं, आसवनीत वाफ लागते. नीती आयोगाच्या ज्या अभ्यासाचा हवाला हेच मंत्रालय देतं, त्यात हा सगळा खर्च धरल्यावर पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या इथेनॉलची बचत ६५ टक्के आणि मक्याच्या इथेनॉलची ५० टक्के ठरते. हे प्रमाण ढोबळमानानं लावलं, तरी ७३६ लाख टनांचे ३७० ते ४८० लाख टन उरतात. बचत खरी आहे, पण जाहीर केली तेवढी नाही.

ऊस आणि मका यांच्यातला हा फरक समजून घेण्यासारखा आहे. उसाबरोबर त्याचं जळणही कारखान्यात येतं: रस काढल्यावर उरलेल्या बगॅसवर बॉयलर चालतो. मक्याच्या आसवनीला जळण बाहेरून आणावं लागतं आणि ते पुष्कळदा दगडी कोळसा असतं. आता २०२४-२५ चे खरेदी दर पाहा. साखर पूर्ण काढून घेतल्यावर उरणाऱ्या सी-हेवी मळीपासूनचं इथेनॉल लिटरला ५७.९७ रुपये, बी-हेवी मळीपासूनचं ६०.७३, थेट उसाच्या रसापासूनचं ६५.६१ आणि मक्यापासूनचं सर्वाधिक, ७१.८६ रुपये. जी मळी कशीही निघणारच होती, तिच्या इथेनॉलला सर्वांत कमी भाव. ज्याची बचत सर्वांत कमी, त्याला सर्वांत जास्त. दर ठरवताना कच्च्या मालाची किंमत पाहिली आहे, हे उघड आहे. कार्बन पाहिलेला नाही, हेही तितकंच उघड आहे.

त्याचे परिणामही दिसू लागले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीनं केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, आठवडाभरात ती सैल केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली. दरम्यान भार मक्यावर गेला. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मक्याचा निव्वळ आयातदार झाला आणि कोंबडीखाद्य महागल्याची ओरड पोल्ट्रीवाल्यांनी केली. अन्न महामंडळाचा तांदूळही आसवन्यांना किलोला साडेबावीस रुपयांनी मिळाला, जो खरेदी करून साठवायला सरकारलाच त्याहून कितीतरी अधिक खर्च येतो. पाण्याचा मुद्दा तर महाराष्ट्राला नवा नाही. उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात नमूद आहे. रेल्वेनं पाणी मागवावं लागलेल्या लातूरसारख्या जिल्ह्यात वाढलेल्या उसाचं लिटर आणि नदीकाठच्या सांगलीतलं लिटर यांना आजचा दर एकाच पंक्तीत बसवतो.

यावर म्हटलं जाईल की धोरण एकट्या कार्बनसाठी नाही. परकीय चलन वाचतं, कारखान्यांच्या हाती रोकड येते आणि शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, वेळेवर निघते. मान्य. कर्जात रुतलेल्या कित्येक सहकारी कारखान्यांना इथेनॉलनं तगवलं आहे. पण मग ही योजना शेतीची आणि आयातबचतीची म्हणून मिरवावी, हवामानाच्या खात्यावर पूर्ण रक्कम जमा करू नये. दुसरा आक्षेप असा की प्रत्येक कारखान्याचा कार्बन मोजणं आपल्याला झेपणार नाही. ब्राझीलनं २०१७ च्या कायद्यानं नेमकं हेच सुरू केलं: योजनेत सहभागी होणाऱ्या प्रत्येक कारखान्याचं प्रमाणीकरण होतं आणि त्यानं वाचवलेल्या कार्बनच्या प्रमाणात त्याला विकता येणारी पत्रकं मिळतात. कॅलिफोर्निया तर २०११ पासून इंधनाला त्याच्या कार्बनतीव्रतेप्रमाणे गुण देतं. शिवाय विमानाचं हरित इंधन बनवण्याची स्वप्नं आपले कारखाने पाहतच आहेत, आणि आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या नियमांत हा हिशेब दिल्याशिवाय ते इंधन गणलंच जात नाही. तेव्हा मोजायला शिकणं चुकणार नाही.

गाडीचं ॲव्हरेज घटल्याचा गलका बाकी मूळ मुद्द्याला बगल देणारा वाटतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे थोडं घटणारच. त्याची भरपाई दरात मिळावी ही मागणी रास्त आहे, तिनं मिश्रण वाईट ठरत नाही. त्याहून मोठी गोष्ट चर्चेबाहेर राहते ती डिझेलची. देशात वजनानं पेट्रोलच्या दुपटीहून जास्त डिझेल जळतं, मालट्रक आणि एसटी त्यावर चालतात, आणि त्यात बायोडिझेलचं मिश्रण अजून एक टक्काही नाही. पाचट, पेंढा, प्रेसमड यांपासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस करण्याची ‘सतत’ योजना २०१८ मध्ये पाच हजार प्रकल्पांचं लक्ष्य घेऊन आली. उभे राहिलेले प्रकल्प त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. पिकाच्या टाकाऊ भागातून खरी बचत होते तिथे गती नाही, कारण तिथल्या प्रत्येक वाचलेल्या टनाला वेगळी किंमत नाही.

आता वीसच्या पुढे, सत्तावीस टक्क्यांची भाषा सुरू झाली आहे. तो आकडा ठरण्याआधी सरकारनं दोन कागद लोकांसमोर ठेवावेत: कच्चा माल, जिल्हा आणि आसवनीतलं जळण यांनुसार प्रत्येक प्रकारच्या इथेनॉलचा कार्बन, आणि त्या क्रमानं लावलेले खरेदी दर.