पंखे फिरतात, पडदा मात्र काळा!

दुकानातून तयार संगणक आणण्याऐवजी सुटे भाग मागवून तो घरीच जोडायचा नाद हल्ली आपल्या बेळगावातल्या मुलामुलींना लागला आहे. चांगलाच नाद म्हणायचा. चार पैसे वाचतात आणि यंत्राच्या पोटात काय काय असतं तेही कळतं. पण सगळं जोडून बटण दाबावं, पंखे गरगर फिरावेत, रंगीबेरंगी दिवे लागावेत आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’! मग मुलाला वाटतं प्रोसेसर जळला, वडिलांना वाटतं सत्तर हजार पाण्यात गेले आणि आजी म्हणते, अमावास्येला आणलंत कशाला?

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते, संगणक हा काही माझा विषय नव्हे. पण आमच्या घरचे तीन संगणक आम्ही घरीच जोडले, त्यामुळे शेजारीपाजारी अशा वेळी हाक मारतात. अनुभवाने सांगते, नव्या जोडणीत पडदा काळा राहिला की भाग खराब निघाल्यापेक्षा काहीतरी जोडायचं राहून गेलेलं असण्याचा संभव जास्त. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम हलवल्या, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

आधी बाहेरचं पाहा

मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागला आहे का? ज्या जागी केबल लावली, तोच इनपुट मॉनिटरवर निवडला आहे का? मग केबलचं दुसरं टोक बघा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल त्या कार्डातच लावायची, मदरबोर्डवरच्या एचडीएमआयमध्ये नाही. ही चूक इतकी सर्रास होते की पहिला प्रश्न हाच विचारावा.

कार्डच घेतलं नसेल तर प्रोसेसरचं नाव नीट वाचा. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय-५ १२४००एफ, तर त्यात चित्र दाखवण्याची सोयच नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही ती नाही, ५६००जी मध्ये आहे. अशा वेळी केबल कुठेही लावा, कार्डाशिवाय पडदा उजळणार नाही.

मग आतलं

पेटीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करा, प्लग काढा आणि पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये.

मदरबोर्डला वीज दोन ठिकाणी लागते. चोवीस पिनांची मोठी केबल सगळे लावतात, पण प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातली आठ पिनांची केबल विसरतात. पंखे फिरतात, प्रोसेसर मात्र उपाशी! कार्डाची वीजकेबलही आठ पिनांची असू शकते. दोन्ही दिसायला सारख्या, तरी वेगळ्या. बळजबरीने एकीच्या जागी दुसरी खुपसू नका.

पुढे रॅम. चार खाचा आणि दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवतात. ‘कट्’ असा आवाज येऊन खिटी बसेपर्यंत दाबायचं. तरीही शंका असली तर एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून पाहा.

दिव्यांची भाषा

१९८१ साली आलेला आयबीएमचा पीसी स्वतःची तपासणी ठीक झाली की एकदा ‘पीप’ करायचा. नव्या बोर्डांवर बहुधा तो भोंगाच नसतो. त्याऐवजी अनेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. ज्या दिव्यावर गाडी अडते, तिथे शोध घ्यायचा.

पण दिवा पाहूनही घाई करू नये. शहापुरातल्या एका ओळखीच्या घरी वास्तुकलेला असलेल्या मुलीने रायझन ७००० मालिकेचा संगणक जोडला. पडदा काळा, डीरॅमचा दिवा पेटलेला. तिची आई धारवाडची. फोनवर म्हणाली, ‘‘मॅडम, एनू बरवल्दु! हे म्हणतात, उद्या सगळं परत पाठवून टाकू.’’ जाऊन पाहिलं तर केबली जागच्या जागी, रॅमही नीट. मुलीला विचारलं, ‘‘चालू करून किती वेळ थांबतेस?’’ म्हणाली, ‘‘मिनिटभर. मग बाबा बंद करायला सांगतात.’’

गोम तिथेच होती. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिची चाचपणी करून वेग आणि वेळा जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागतात, तोवर पडदा काळाच आणि दिवाही पेटलेलाच राहू शकतो. मध्येच वीज तोडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! आम्ही बटण दाबलं आणि चहा ठेवला. चहा गाळेपर्यंत पडदा उजळला. वडील काही बोलले नाहीत, पण परत पाठवायचा खोका त्यांनी स्वतःच माळ्यावर ठेवला.

तरीही नाही आलं तर

पंधरा मिनिटं थांबूनही काही नसेल, तर प्लग काढून बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, म्हणजे जुन्या सेटिंग पुसल्या जातात. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नंतरचा असेल तर बायोस अद्ययावत करावा लागतो. काही बोर्डांवर त्यासाठी प्रोसेसरशिवाय चालणारं वेगळं बटण असतं. पेटीत बोर्डाखाली एखादा जादा पितळी आधार राहिला असेल तर शॉर्ट होतो, तेही पाहा. सॉकेटमधली पिन वाकलेली दिसली तर सुई घेऊन बसू नका, जाणकाराकडे जा. वाकलेल्या पिना वॉरंटीत सहसा धरत नाहीत. बिलं, खोके आणि परत करण्याची तारीख जपून ठेवा.

आईवडिलांना एवढंच सांगणं आहे. पडदा काळा दिसला की ‘तुला जमणार नव्हतंच’ हे वाक्य चटकन तोंडावर येतं. ते गिळावं. आपल्या मराठीत उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं आणि कन्नडमध्ये म्हणतात, ‘ताळिदवनु बाळियानु’, जो धीर धरतो तोच तरतो. भाग बिघडला तर बदलून मिळतो. स्वतःच्या हाताने काही करून पाहायची मुलांची उमेद एकदा मोडली, तर ती कुठल्याच दुकानात बदलून मिळत नाही.