कुंपणच शेत खाते तेव्हा…

बागेची हौस आणि कुत्र्याची हौस या दोघी सवती आहेत. नांदतात एकाच घरात, पण एकीचे सुख दुसरीला बघवत नाही. रोपवाटिकेतून दहा कलमे पारखून एक गुलाब आणावा, त्याला पहिली कळी धरावी, आणि राखणीसाठी म्हणून पाळलेल्या शिपायाने रातोरात त्याच्या काडीकाडीचा हिशेब करावा, हा अनुभव अनेक घरांना असेल. सकाळी बाई कुंडीकडे बघत उभ्या राहतात, कुत्रे भलतीकडेच बघते आणि यजमान वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसतात. कारण कुत्रे त्यांनीच आणलेले असते!

कुत्रे पाला का खाते? आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले आहे: पोट बिघडले की कुत्रे हराळी खाते आणि ओकून मोकळे होते. ही समजूत अगदीच खोटी नाही, पण पुरती खरीही नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दीड हजारांवर कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली आणि ती 2008 साली प्रसिद्ध केली. पाला खाण्यापूर्वी आजारी दिसणारी कुत्री त्यांत शेकडा दहाहूनही कमी निघाली, आणि खाऊन झाल्यावर नेमाने ओकणारी सुमारे बावीस टक्के. बाकीची आपली आवड म्हणून, सवय म्हणून चरत होती. रानातल्या लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडते. तेव्हा गणपतीसाठी जपलेल्या दुर्वा फस्त झाल्या, तर त्यामागे आजार असेलच असे नाही. वाडवडिलांची चालही असू शकेल.

पिल्लांची गोष्ट निराळी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्यांचे अठ्ठावीस दुधाचे दात पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास बेचाळीस पक्के दात तोंडात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात. समोर जास्वंदीची फांदी असो की आजोबांची चप्पल, त्यांना दोन्ही सारखीच.

माती उकरण्याची कारणे तर आणखी. उन्हाळ्यात वरची माती तापते, खालची गार असते. नुकते पाणी घातलेले आळे म्हणजे कुत्र्याची आयती गादी. डॅक्सहुंडसारख्या जाती तर बिळातली जनावरे उकरून काढण्यासाठीच माणसाने तयार केल्या. त्यांनी बागेत स्वस्थ बसावे ही अपेक्षाच चुकीची. शिवाय आपणही थोडा हातभार लावतो. हौसेने घातलेले हाडांचे किंवा मासळीचे खत आपल्याला खत वाटते, कुत्र्याला ती मेजवानीची वर्दी वाटते. मग गुलाब मुळासकट बाहेर आला, तर दोष कोणाचा?

हिरवळीवर पडणारे पिवळे चट्टे मुतामुळे पडतात. त्यात नत्र इतके असते की मधले गवत जळते आणि कडेचे, थोडे थोडे मिळाल्यामुळे, उलट अधिक हिरवेगार होते. लगेच तांब्याभर पाणी ओतले की पुष्कळसे निभावते. तुळशीवृंदावनापाशी पाय वर करणारे कुत्रे हा मात्र नत्राचा प्रश्न राहत नाही. तिथे सासूबाई मध्ये पडतात, आणि वृंदावनाभोवती कठडा येतो.

इथवर नुकसान झाडांचे. पण कधीकधी झाड कुत्र्याचा बळी घेते, आणि ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते. पूजेला फुले मिळावीत म्हणून लावलेली कण्हेर आणि पिवळी बिट्टी या दोन्हींच्या पानांत, फळांत, सालीत हृदयाची गती बिघडवणारे विष असते. वाळलेली पानेही तितकीच वाईट. कळलावीच्या कंदाची तीच कथा. बंगल्याच्या दारात शोभेसाठी ठेवलेला सायकस यकृत निकामी करतो. त्याच्या एकदोन बियाही कुत्र्याला पुरतात. अळू कच्चे खाल्ले की घसा का खवखवतो हे गृहिणींना सांगायला नको. तेच सुईसारखे स्फटिक डिफेनबेकियात आणि मनीप्लँटमध्ये असतात. त्याने जीव सहसा जात नाही, पण तोंड सुजते, लाळ गळते आणि मुके जनावर तळमळते.

सर्वांत फसवी चीज म्हणजे एरंडीची पेंड. पुण्याच्या एका उपनगरात आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. त्यांनी मोगऱ्याला ही पेंड घातली. खत उत्तम, असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते. घरच्या कुत्र्याने दुपारी आळे उकरून ती खाल्ली. रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटे रक्ताची हगवण. थोरल्या मुलीला काय सुचले कोण जाणे, तिने कुत्र्याबरोबर खताची पिशवीही उचलून डॉक्टरांपुढे ठेवली. पिशवी पाहताच त्यांना निदान कळले. एरंडाच्या या विषावर उतारा नाही. सलाईन लावून वाट बघायची, एवढेच. तीन दिवस त्या घरात कोणी धड जेवले नाही. चौथ्या दिवशी कुत्र्याने मान उचलून पाणी प्यायले. मोगऱ्याला आता तिथे शेणखत मिळते.

म्हणून सांगायचे ते एवढेच, की कुत्र्याने काही भलते खाल्ल्याचा संशय आला तर मीठपाणी पाजून ओकवण्याच्या भरीस पडू नये. त्या मिठानेच जिवावर बेतते. झाडाची फांदी किंवा खताची पिशवी घेऊन तडक जनावरांचे डॉक्टर गाठावेत. गोगलगायी मारण्याच्या गोळ्याही कुत्र्यांच्या घरात आणू नयेत. त्या कुत्री आवडीने खातात, आणि मग झटके येतात.

बंदोबस्ताचे उपाय साधे आहेत. कुंडीत मातीवर मोठे गोटे पसरावेत, नाजूक रोपे उंचावर न्यावीत. कुंपणाच्या कडेने हातभर पट्टा मोकळा सोडावा. कुत्रे गस्त घालते ती नेमकी तिथून, आणि त्या वाटेत शेवंती लावणे म्हणजे हमरस्त्यावर दुकान मांडण्यासारखे आहे. तिखट भुरभुरण्याचा सल्ला अनेक जण देतात. आम्हांला तो पटत नाही. नाकाडोळ्यांत आग होते, आणि पहिल्या पाण्याला तिखट वाहून जाते. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ लांब फिरवून आणलेले कुत्रे बागेत झोपते, उकरत नाही. एका पसरट कुंडीत मूठभर गहू पेरावेत. आठवड्याभरात त्याच्या हक्काचे गवत तयार होते.

दिवाळीत मात्र थोडे सांभाळावे. फटाक्यांनी बिथरलेले कुत्रे आडोसा शोधत कुठेही उकरते, हाती लागेल ते चावते, आणि मुलांच्या किल्ल्यावर उगवलेले कोवळे अळीव आणि मोहरी तर त्याला आपल्यासाठीच पेरल्यासारखी वाटते. त्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत, माणसांजवळ ठेवावे. आणि सण उरकल्यावर किल्ल्याची माती फेकून देऊ नये. बागेच्या सावलीतल्या एका कोपऱ्यात तिचा ढीग घालावा, त्यात एखादे खेळणे पुरावे आणि तो कोपरा कुत्र्याला उकरायला देऊन टाकावा. मावळे तेवढे आधी मोजून काढून घ्यावेत.