दारूचे व्यसन सगळ्यांचे सारखे नसते, मग गोळीचा गुण सारखा कसा येईल?

वस्तीत व्यसनमुक्तीचे काम करताना आपण एक तक्रार नेहमी ऐकतो : "डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, तरी याची दारू सुटत नाही. याच्या मनातच नाही." घरचे थकतात, कार्यकर्तेही हात टेकतात आणि सगळा दोष त्या माणसावर येतो. पण दोष देण्याआधी त्याचे व्यसन कोणत्या प्रकारचे आहे, हे आपण विचारले आहे का?

अमेरिकेतील संशोधक थॉमस बेबॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दारूच्या आहारी गेलेल्या ३२१ स्त्री-पुरुषांचा अभ्यास करून दोन गट मांडले. 'टाइप ए' म्हणजे व्यसन उशिरा लागलेले, लहानपणी फारशा अडचणी नसलेले आणि व्यसनाची तीव्रता तुलनेने कमी असलेले लोक. 'टाइप बी' म्हणजे कमी वयात व्यसन लागलेले, घराण्यात दारूचा इतिहास असलेले, लहानपणापासून वर्तनाच्या समस्या असलेले, अनेकदा इतर नशाही करणारे लोक.

या फरकाचा औषधाशी काय संबंध? नैराश्यावरच्या अनेक गोळ्या मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. फ्लुओक्सेटीन आणि सर्ट्रालीन ही त्यातली दोन नावे. १९९६ मध्ये हेन्री क्रॅन्झलर यांच्या गटाने जाहीर केलेल्या अभ्यासात सर्वांना समुपदेशन दिले होते. काहींना त्यासोबत फ्लुओक्सेटीन, तर काहींना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी दिली. टाइप बी गटात फ्लुओक्सेटीन घेणाऱ्यांचे पिणे नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त राहिले. २००० मध्ये हेलन पेटिनाटी यांच्या गटाने १०० जणांवर १४ आठवडे सर्ट्रालीनचा प्रयोग केला. त्यात टाइप ए गटाचे पिणे कमी झाले, टाइप बी गटाला मात्र फायदा दिसला नाही.

म्हणजे एकाच जातीच्या औषधाने एकाला आधार मिळतो आणि दुसऱ्याला नाही. यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. अर्थात हे गट संशोधनासाठी केलेले आहेत. कुणाच्याही कपाळावर 'टाइप बी' असा शिक्का मारायचा नाही.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे : नैराश्य आधी आले की दारू? दारू स्वतःच मन खचवते. १९८८ मध्ये ब्राऊन आणि शुकिट यांनी उपचारासाठी दाखल झालेले १९१ पुरुष तपासले. या सर्वांमध्ये दारूचे व्यसन आधीचे होते. सुरुवातीला ४२ टक्क्यांमध्ये ठळक नैराश्य होते. दारू बंद होऊन चार आठवडे झाल्यावर ते फक्त ६ टक्क्यांमध्ये उरले. पण दारू नसतानाही ज्याचे नैराश्य टिकते, किंवा पिणे सुरू होण्याआधीच ज्याला ते होते, त्याला त्या आजारावर स्वतंत्र उपचार हवेतच.

आणि दोन्ही आजार असतील तर? २०१० मध्ये पेटिनाटी यांच्या गटाने नैराश्य आणि दारूचे व्यसन दोन्ही असलेल्या १७० जणांचा अभ्यास जाहीर केला. सर्ट्रालीनसोबत दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन दिलेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोक उपचाराच्या काळात दारूपासून पूर्ण दूर राहिले. एकच औषध किंवा नुसती गोळी मिळालेल्या गटांत हे प्रमाण २१ ते २८ टक्के होते. नैराश्याच्या गोळीकडून दारू सोडवण्याची अपेक्षा करून भागत नाही. व्यसनावर वेगळा उपचार सोबत लागतो.

मग आपण कार्यकर्त्यांनी काय करायचे? मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या : पिणे कोणत्या वयात सुरू झाले, घराण्यात कुणाला व्यसन होते का, उदासी दारूच्या आधीची की नंतरची, आणि दारू बंद असतानाच्या काळात मन कसे होते. इतर नशा असेल तर तीही लपवू नका.

गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, दुसऱ्याची गोळीही घेऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. त्यातून झटके आणि भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायची. कुणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. मन मोकळे करायला आणि सल्ल्यासाठी सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

पाचवे शील आपण सर्वजण घेतो. पण जो ते पाळू शकत नाही, त्याला विहाराच्या दारातून परत पाठवणे हा धम्म नव्हे. पहिल्या गोळीने गुण आला नाही, तर त्याच्यासोबत पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ या.