पांढऱ्या घरावरची शुक्राची चांदणी

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘रात्रीचं पांढरं घर’ हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ पन्नास वर्षं कुणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं. ते जर्मन उद्योगपती ओटो क्रेब्स याच्या संग्रहातलं; हरवलं म्हणून अभ्यासकांनी त्याचा नाद सोडला होता. प्रत्यक्षात सोव्हिएत सैन्याने ते नेलं होतं. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयाने १९९५ साली ते प्रदर्शनात मांडलं, तेव्हा जगाला त्याचा ठावठिकाणा कळला.

चित्र सापडलं, पण घराच्या वर आभाळात मोठं वलय घेऊन चमकणारी ती चांदणी कुठली? डोनाल्ड ओल्सन आणि रसेल डोशर हे टेक्सासमधले दोन अभ्यासक फ्रान्समधल्या ओव्हेर-सूर-वाझ या गावी गेले. ते घर अजून उभं आहे. चित्रकार कुठे उभा राहिला असेल, त्याचं तोंड कुठल्या दिशेला असेल, हे ठरवून त्यांनी जून १८९० मधल्या आकाशाचं गणित मांडलं. उत्तर आलं शुक्र. त्या दिवसांत तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला ठळक दिसत होता. निष्कर्ष : १६ जून १८९०, संध्याकाळी ८ च्या सुमारास.

म्हणजे नाव ‘रात्रीचं’ असलं तरी वेळ तिन्हीसांजेची. सूर्य जेमतेम टेकलेला. एवढ्या उजेडात शुक्रच उठून दिसणार. घराच्या भिंती इतक्या पांढऱ्या का, याचा उलगडाही इथेच होतो.

मात्र सगळं श्रेय गणिताला देणं मला पटत नाही. शुक्र दर आठ वर्षांनी साधारण त्याच दिवसांत आकाशात जवळपास त्याच जागी परततो. नुसत्या त्याच्या भरवशावर १८८२ किंवा १८९८ हे सालही चाललं असतं. साल पक्कं होतं ते व्हॅन गॉगच्या मुक्कामामुळे : तो ओव्हेरला आला २० मे १८९० रोजी आणि २९ जुलैला तिथेच वारला. शिवाय शुक्र एका दिवसात फारसा सरकत नाही. तारखेची पुढची हद्द घातली ती भाऊ थिओला १७ जूनला लिहिलेल्या पत्राने. त्यात या चित्राचा उल्लेख आहे.

चंद्र याहून काटेकोर साक्षीदार. सँ-रेमीला काढलेलं व्हॅन गॉगचं ‘चंद्रोदय’ एके काळी सूर्यास्ताचं चित्र समजलं जाई. ओल्सन यांच्या गणितात १८८९ मधल्या दोन तारखा बसल्या, १६ मे आणि १३ जुलै. चित्रातल्या शेतात कापलेल्या पिवळ्याधमक गव्हाच्या गंजी आहेत, म्हणून मे बाद झाला. उरली १३ जुलै, रात्री ९ वाजून ८ मिनिटं!

ओव्हेरच्या घरासमोर तोच संधिप्रकाश पाहायचा असेल, तर जूनच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास जावं. १८९० मधलं घड्याळ स्थानिक सूर्यावर चाले. आजचं उन्हाळी घड्याळ त्याच्या जवळपास दोन तास पुढे आहे.