लेकरू परदेशी निघालंय? बॅगेआधी तब्येतीची तयारी करा



मागच्या हिवाळ्यात रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. आपल्या आष्टी तालुक्यातल्याच एका वस्तीतली मुलगी बोलत होती. आई-वडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. ही शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमधल्या एका मोठ्या शहरात एमएससीला गेली, तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला होता. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणाली, "ताई, आईला सांगू नका. पण मला जिना चढवत नाही. मांड्या ठणकतात. दुपारी बारापर्यंत अंथरुणातून उठवत नाही. आणि उगाच रडू येतं."

मी विचारलं, काय खातेस? "ब्रेड आणि नूडल्स." डॉक्टरला दाखवलंस? "इथला डॉक्टर किती पैसे घेईल कुणाला माहीत." घरी काय सांगतेस? "सगळं मजेत आहे म्हणून."

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून राज्य सरकार अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या ७५ मुला-मुलींना दरवर्षी परदेशी पाठवतं. केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे. कुणी कर्ज काढून जातं, कुणी कामासाठी आखातात जातं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची चौकशी आपण शंभर वेळा करतो. तब्येतीची तयारी मात्र कुणी करत नाही. म्हणून यावेळचं आरोग्य पान त्यासाठी.

"सोसायचं" ही सवय कुठून आली?

ऊसतोडीच्या फडात आजारी पडलं की खाडा पडतो. खाडा म्हणजे उचलीतून पैसे कापणार. त्यामुळे अंगात ताप असला तरी आई मोळ्या बांधते. हे पाहत वाढलेलं लेकरू एकच शिकतं, दुखलं तरी बोलायचं नाही. तेच लेकरू लंडनला किंवा बर्लिनला गेलं तरी ही सवय सोबत नेतं.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलते. बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला, हे आपण प्रत्येक जयंतीला अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवं. पण ऐकणाऱ्या लेकराला वाटतं की उपाशी राहणं हाच अभ्यासाचा मार्ग आहे. बाबासाहेबांची उपासमार ही त्यांची हौस नव्हती, पैसा नव्हता म्हणून आलेली लाचारी होती. ती आपल्या लेकरांवर येऊ नये म्हणून तर त्यांनी जन्म घालवला.

त्याच गोष्टीतला दुसरा भाग आपण सांगत नाही. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा ते २२ वर्षांचे होते. विद्यापीठाच्या वसतिगृहातलं जेवण त्यांना मानवेना. त्यांनी ते मुकाट्याने गिळलं नाही, जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहिले. ही मैत्री आयुष्यभर टिकली, पुन्हा लंडनला जाताना याच मित्राने उसने पैसे दिले. म्हणजे जेवण मानवत नसेल तर सोय बदलायची, आणि परक्या गावात एक तरी जिवाभावाचा माणूस जोडायचा. हेही बाबासाहेबांकडूनच शिकायचं.

निघण्याआधी दोन महिने

हिमोग्लोबिन तपासा. आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं. इथे गोळ्या घेऊन भरून काढणं सोपं जातं. दात आणि डोळेही इथेच दाखवा. परदेशात दाताचं काम आणि चष्मा महाग पडतो. चष्म्याचा नंबर असेल तर दोन चष्मे करून द्या.

सिकलसेलची तपासणी एकदा तरी झालेली असावी. विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार जास्त आढळतो, आणि सोयरिकी आता सगळीकडे होतात. ज्याला हा आजार आहे त्याला थंडी आणि पाणी कमी पिणं यामुळे अंगदुखीचा झटका येऊ शकतो. विमान प्रवासाआधी डॉक्टरचा सल्ला घ्यावा आणि रिपोर्ट सोबत ठेवावा.

इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्याला टीबीची तपासणी करावीच लागते. पण त्या दिवशी एक्स-रे चांगला आला म्हणजे पुढे कधीच टीबी होणार नाही असं नाही. जंतू अंगात निजलेला असू शकतो, आणि खाणं-झोप बिघडली की तो जागा होतो. दोन-तीन आठवडे खोकला, रात्रीचा घाम, वजन उतरणं असं काही दिसलं तर लगेच दाखवावं. इंग्लंडमध्ये टीबीची तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत आहेत.

रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घ्या.

उन्हाची सवय असलेलं अंग

आपल्याकडे ऊन नको म्हणण्याइतकं असतं. लंडनला डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. ऑक्टोबर ते मार्चपर्यंत तिथलं ऊन इतकं कमजोर असतं की कातडीला त्यातून ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला तर गोऱ्या कातडीपेक्षा जास्त ऊन लागतं. ड जीवनसत्त्व कमी झालं की हाडं दुखतात, मांड्यांत जोर राहत नाही, जिना चढवत नाही, थकवा येतो. त्या मुलीची निम्मी तक्रार यातच होती.

इंग्लंडमध्ये सरकारच सांगतं की हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट ड जीवनसत्त्व घ्यावं, आणि सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा. ही गोळी तिथे साध्या दुकानात स्वस्त मिळते. मात्र आपल्याकडची ६० हजार युनिटची पुडी डॉक्टरला न विचारता आठवड्यामागून आठवडा घेऊ नये. जास्त झालं तरी त्रास होतो.

कपडे एक जाड घालण्यापेक्षा पातळ तीन घालावेत. कान, हात आणि पाय आधी झाकावेत. आणि एक गोष्ट नक्की बजावून सांगा. थंडी वाजते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं एकाच वेळी खोलीतल्या सगळ्यांना होऊ लागलं तर आधी बाहेर पडायचं.

पोट आणि रस्ता

जाण्याआधी मुलालाही चार पदार्थ करता आले पाहिजेत. खिचडी, वरण-भात, अंड्याची भुर्जी, पिठलं. भाकरी जमली तर सोनंच. मोठ्या शहरांत भारतीय दुकानांत तूर डाळ आणि ज्वारीचं पीठही मिळतं. रविवारी डाळ शिजवून डब्यांत फ्रीजला ठेवली तर आठवडा निघतो. ब्रेड-नूडल्सवर पोट भरतं, पण अंगाला डाळ, अंडी, मासे, भाजी लागते. मांस-मासे-अंडी अजिबात न खाणाऱ्याने बी-१२ तपासून घ्यावं. हातापायाला मुंग्या येणं हे त्याचं एक लक्षण.

रस्त्याचंही सांगते. आष्टीला पहिली रेल्वे आली २०२२ मध्ये. आपलं लेकरू एकदम जमिनीखाली धावणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत पडतं, तेव्हा गोंधळणं साहजिक आहे. आपल्याकडे रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायची सवय असते. इंग्लंडमध्ये तेच चालतं. पण जर्मनी, अमेरिका, दुबई, सौदी इथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, तिथे आधी डावीकडे बघायचं. पहिले काही आठवडे कानात वायर घालून रस्ता ओलांडूच नये.

तिथला दवाखाना

इंग्लंडला शिकायला जाणाऱ्याकडून व्हिसाच्या वेळीच आरोग्याचे पैसे घेतलेले असतात. २०२४ पासून विद्यार्थ्यांना हे वर्षाला ७७६ पौंड आहेत. म्हणजे आपण आधीच पैसे भरले आहेत, दवाखाना हा उपकार नाही. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं. तिथे त्याला जीपी म्हणतात. भेटीचे वेगळे पैसे लागत नाहीत. औषधाला इंग्लंडमध्ये ठरावीक शुल्क पडतं. दुकानात जाऊन अँटिबायोटिक मागितलं तर मिळत नाही, चिठ्ठी लागते. साध्या सर्दीला डॉक्टर "आराम करा, पाणी प्या" म्हणून परत पाठवतात, त्याचा राग मानू नये.

तातडीचा नंबर इंग्लंडमध्ये ९९९, तातडी नसेल पण सल्ला हवा असेल तर १११. युरोपात ११२, अमेरिकेत ९११. जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे, त्याचं कार्ड कायम खिशात हवं.

आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी

तिथे दुखणं थंडीचं नाही, उन्हाचं. दुबई-अबुधाबीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. हे माहीत असावं. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावं, लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय असं समजावं. घाम बंद होऊन अंग तापलं, माणूस बरळू लागला तर तो उष्माघात. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं आणि अॅम्ब्युलन्स बोलवायची. दुबई-अबुधाबीत तिचा नंबर ९९८.

ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या दुखण्या-खोकल्याच्या गोळ्या तिथे परवानगीशिवाय नेल्या तर तुरुंग होऊ शकतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर कामाला जायला सरकारी मंजुरी लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर तिच्यात १० लाखांचं संरक्षण आहे. एजंट "गरज नाही" म्हणाला तर त्याच्यावरच संशय घ्या.

मनाचं दुखणं

पहिले काही आठवडे सगळं नवं असतं, फोटो येतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मन खाली बसतं. शेजारचा माणूस नावही विचारत नाही. वर्गात इंग्रजी भरभर चालतं. खोलीतले आपल्याच देशातले सोबती आडनाव विचारतात, आणि मग त्यांची वागणूक बदलते. जात पासपोर्टशिवाय प्रवास करते. अमेरिकेतल्या सिअॅटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, ती उगाच नाही. लेकराला हे आधीच सांगून ठेवा. अचानक बसलेला घाव खोल जातो, माहीत असलेला झेलता येतो.

असं मन खाली बसणं हा वेडेपणा नाही, कमकुवतपणाही नाही. बहुतेकांचं हळूहळू सावरतं. रोज उजेडात अर्धा तास चालणं, ठरल्या वेळी झोपणं, आठवड्यातून एकदा कुणासोबत तरी बसून जेवणं, याने खूप फरक पडतो. आपली माणसं तिथेही आहेत. लंडनला १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, तिथे आज स्मारक आहे. वुल्व्हरहॅम्प्टनला पंजाबी आंबेडकरी बांधवांनी विहार उभा केला आहे. अशा ठिकाणी एकदा तरी जाऊन यावं. आनापानसती येत असेल तर रोज दहा मिनिटं बसावं, पण औषध-डॉक्टरच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीला.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, अंघोळ नाही, वर्गात जाणं बंद, किंवा "मी नसलेलं बरं" असं बोलणं आलं तर थांबू नका. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक मोफत असतो. इंग्लंडमध्ये ११६ १२३ वर रात्रंदिवस कुणीतरी ऐकून घेतं, अमेरिकेत ९८८. इथे घरच्यांना घोर लागला तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी फोनवर काय विचारावं

"बरी आहेस का?" विचारलं की "हो" हेच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा. आज काय शिजवलंस? किती वाजता झोपलीस? कुणासोबत जेवलीस? डॉक्टरकडे नाव नोंदवलंस का? व्हिडिओवर चेहरा बघा, खोली बघा. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं, आपल्या पहाटे फोन करून तिची मध्यरात्र मोडू नका. आणि दर फोनला कर्ज, पाहुण्यांचं बोलणं, "गावाचं नाव काढायचं" हे सांगू नका. ते तिला पाठ आहे.

मी त्या मुलीला म्हटलं, तुझ्या आईला मी सांगणार नाही, तू सांगणार. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. आई रडली, मग म्हणाली, "अगं, मी फडात सोसलं ते तुला सोसायला लागू नये म्हणूनच ना?" त्या आठवड्यात मुलीने जीपीकडे नाव नोंदवलं. रक्त तपासलं तेव्हा ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन दोन्ही कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या. खोली बदलून ती एका केरळच्या मुलीसोबत राहू लागली, दोघी मिळून भात शिजवतात. उन्हाळ्यापर्यंत ती जिने चढू लागली होती. परवा तिचा फोटो आला, हातात पदवी नव्हती, ज्वारीची भाकरी होती. जरा वाकडी होती, पण टम्म फुगलेली.

ज्यांच्या घरातलं कुणी परदेशी निघालं असेल त्यांनी हे पान कापून बॅगेत ठेवावं.

जय भीम, नमो बुद्धाय.